माठाची उडी

आर्वी देवतळे हिला शाळेत सगळे "माठ" म्हणत, आणि त्यात शाळेचा तरी काय दोष? प्रश्न विचारला की ही पोर गप्प. बाकीची मुलं हात वर करकरून ओरडायची, चुकायची, पुन्हा ओरडायची, आणि ही आपली खिडकीबाहेर बघत बसलेली. तास संपून बाई डस्टर उचलून निघाल्या की मग हिचं उत्तर यायचं. ते बरोबर असायचं, पण तोवर ते कुणालाच नको असायचं.

तिची आई प्रणिता त्याच शाळेत भूगोल शिकवायची. एकदा मधल्या सुट्टीत गणिताच्या बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "प्रणिता, तुझी मुलगी अगदीच माठ आहे गं!" प्रणिता डब्याचं झाकण काढत म्हणाली, "असू दे. नागपुरात राहायचं तर घरात एक माठ लागतोच." सगळे हसले. तीही हसली. त्या दिवशी घरी जाताना तिने लेकीचा हात मात्र नेहमीपेक्षा घट्ट धरला होता.

त्या माठाने आता चाळिशीच्या उंबरठ्यावर येऊन जगाला दुसरा माठ दिला होता.

हा माठ म्हणजे खंडाखंडांत उडी मारणारं प्रवासी यान. त्याचं कागदोपत्री नाव बरंच लांबलचक आणि संस्कृत होतं. ते फक्त उद्घाटनाच्या भाषणात वापरलं गेलं. नागपूरकरांनी पहिल्याच दिवशी त्याचा "माठ" करून टाकला, आणि मग वर्तमानपत्रांनाही तेच सोयीचं पडलं.

प्रणिता भूगोलाच्या तासाला एक खेळ करायची. पृथ्वीच्या गोलावर दोऱ्याचं एक टोक नागपूरवर धरायचं आणि दुसरं मुलांनी सांगितलेल्या शहरावर ताणायचं. ताणलेला दोरा जिथून जातो ती सगळ्यात जवळची वाट. सपाट नकाशात ती वाकडी दिसते, गोलावर मात्र सरळ असते. आर्वी नोकरीसाठी चिलीला, सांतियागोला गेली, तेव्हा प्रणिताने घरी एकटीनेच हा खेळ खेळून पाहिला. दोरा अरबी समुद्रावरून निघाला, आफ्रिका तिरकी कापत नामिबच्या वाळवंटापर्यंत गेला, मग अख्खा दक्षिण अटलांटिक ओलांडून अर्जेंटिना आणि अँडीज. सोळा हजार सातशे किलोमीटरांच्या आसपास. आणखी थोडं पुढे गेलं असतं तर पोर परत येण्याच्याच वाटेला लागली असती.

दोन ठिकाणी विमान बदलायचं, दीड दिवस प्रवासात घालवायचा. त्यामुळे आर्वी दोन वर्षांतून एकदा यायची. आली की महिनाभर राहायची. पुढेपुढे तीन वर्षांतून एकदा. मग एकदा आलीच नाही. "लांब आहे गं, आई," ती फोनवर म्हणायची, आणि ते खरंच होतं. गोल कपाटावरच होता.

माठाने ही वाट तसूभरही कमी केली नाही, वेळ तेवढा आटवला. एक मोठं विमान त्याला पोटाखाली धरून विरळ हवेपर्यंत नेतं आणि सोडून देतं. मग माठ आपलं इंजिन पेटवून हवेच्या बाहेर जातो आणि इंजिन बंद करतो. पुढचा सगळा प्रवास म्हणजे निव्वळ पडणं. दगड फेकला की तो लांब जाऊन पडतो, तसंच. फक्त हा इतक्या जोरात फेकलेला की दुसऱ्या खंडात जाऊन पडतो. वेग सेकंदाला सात किलोमीटर. आर्वीचं नाव ज्या गावावरून ठेवलं, त्या तिच्या वडिलांच्या आर्वीला नागपूरहून एसटी अडीच तास घेते. या वेगाने कंडक्टरचं दार लावून होईपर्यंत आर्वी मागे पडली असती.

वेग ही अडचण नव्हतीच. रॉकेटं हे कधीपासून करत होती. अडचण होती हवेत परत शिरण्याची. एवढ्या वेगाने येणाऱ्या यानासमोरची हवेला बाजूला सरायला वेळच मिळत नाही. ती दबते आणि लोखंड वितळेल इतकी तापते. आजवर जाड कवचं लावून माणसं त्यातून वाचत आली होती, पण ती कवचं दर खेपेला झिजायची, तपासावी लागायची, बदलावी लागायची. रोजच्या प्रवासाला ते परवडणारं नव्हतं.

आर्वीने यानाला घाम आणला. यानाची कातडी भाजलेल्या मातीचीच होती, जरा शहाण्या मातीची, केसाहून बारीक छिद्रांची. आतलं पाणी त्या छिद्रांतून झिरपतं, वाफ होतं आणि उष्णता घेऊन निघून जातं. नागपूरच्या मे महिन्यात ओट्यावरचा माठ हेच करतो. हा विचार आधीही अनेकांना सुचला होता, पण त्यांची कातडी एकीकडे ओली राही आणि दुसरीकडे कोरडी पडून तडके. आर्वीने दोन प्रकारच्या माती अशा मिसळल्या की तापल्यावर त्या कमी-जास्त फुगत आणि जिथे जास्त तापे तिथलं छिद्र आपोआप रुंद होई. जिथे ऊन जास्त तिथे घाम जास्त. कुणी सांगायला नको, बटण दाबायला नको.

हवाई परवाना मंडळाला हे पटत होतं, पण पचत नव्हतं. त्यांनी कातडीच्या आत पाणी सोडणाऱ्या विजेच्या तोट्या, त्या चालवणारे संगणक आणि त्या संगणकांच्या पेट्या थंड ठेवणारा पंखा, असा लवाजमा बसवायला लावला. रिकाम्या यानाच्या चाचण्यांत आर्वीने तोट्या सताड उघड्या ठेवून दाखवलं, कातडी आपलं आपण बघते. मंडळाने मान डोलावली आणि तोट्या ठेवल्या. माणसं बसवून असली परीक्षा आम्ही घेणार नाही, म्हणाले. त्यांचंही चूक नव्हतं.

आता माणसं बसवून शेवटची उडी व्हायची होती, नागपूर ते सांतियागो. ती बिनबोभाट पार पडली तर परवाना, नाहीतर पुन्हा सगळं पहिल्यापासून. त्याआधीच्या पत्रकार परिषदेत एकाने आर्वीला खिंडीत गाठलं. "इतकी खात्री आहे, तर या उडीत तुमच्या आईला बसवाल का?"

टीव्हीच्या पडद्यावर आर्वी गप्प झाली. इतका वेळ, की लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग ती म्हणाली, "हो. बसवीन."

इकडे नागपुरात प्रणिता पन्ह्यासाठी उकडलेल्या कैऱ्यांचा गर काढत होती. शेजारच्या ब्लॉकमधून तिची मोठी जाऊ, सुवर्णाताई, पदराला हात पुसत तशीच धावत आली.

"तुले विचारलं होतं का वं तिनं?"

"नाही."

"मग?"

"मग काय, जावं लागेल," प्रणिता म्हणाली आणि कोय पिळत राहिली.

तिला राग आला होता, आणि भीतीही वाटत होती. पण खरी भीती उडीची नव्हती. अंतर होतं तोवर पोरीला न यायला कारण होतं. उद्या ही वाट दीड तासाची झाली आणि तरीही पोर आली नाही तर? त्यापेक्षा अंतर असलेलं बरं, असं तिच्या मनात येऊन गेलं, आणि मग तिला स्वतःचाच राग आला.

उडीचा दिवस मे महिन्यातला. बुटीबोरीपलीकडच्या माळावर दुपारी चारच्या उन्हात डांबर मऊ झालं होतं. दुपारचा चहा नागपुरात घेऊन निघायचं आणि त्याच दिवशीच्या सकाळच्या चहाला सांतियागोत हजर, असा सगळा उलटा कारभार. बाराही प्रवाशांना वजनकाट्यावर उभं केलं, खिसे रिकामे करवले, निळे अंगरखे घालायला दिले. आत मोकळी वस्तू एकही नको, हे तीन वेळा तीन भाषांत सांगितलं.

निरोपाच्या कठड्यापाशी सुवर्णाताई ताट घेऊन उभी होती.

"थांब वं. रिकाम्या ओटीनं चालली का पोरीच्या घरी?"

प्रणिता जागच्या जागी थबकली. तिचा नवरा गेल्याला वीस वर्षं झाली होती. त्या दिवसापासून घरातल्या कुठल्याही हळदीकुंकवात ताट तिच्याजवळ आलं की पुढे सरकायचं. ते ताट बहुतेक वेळा सुवर्णाताईच्याच हातात असायचं. ती वाईटसाईट कधी काही बोलली नव्हती, फक्त नजर दुसरीकडे वळवायची.

"ताई, मला कशाला? लोक बघताहेत."

"पाहू दे लोकायले. त्याईची पोरगी बनवते का असा माठ? पदर नाही तं तो अंगरखा पुढं कर." सुवर्णाताईने ओंजळीत तांदूळ घेतले. "लई दिवस चुकली मी. आता कर पुढं."

नारळ, खण, हळकुंड, सुपारी आणि ओंजळीने तांदूळ. प्रणिताने रीतीप्रमाणे चार दाणे उचलून परत ताटात टाकले. पुढचं तिला नीट दिसलं नाही, डोळे भरले होते. रखवालदार धावत आला. "काकू, नारळ नाही नेता येणार." सुवर्णाताईने नारळ, हळकुंड, सुपारी सगळं काढून घेतलं. तांदूळ मात्र प्रणिताने खणात बांधून, गाठ मारून, अंगरख्याच्या आत सारले. मूठभर तांदळांनी काय होतंय, असा विचार तिने केला. आपल्या बायका जगभरच्या विमानतळांवर हाच विचार करत आल्या आहेत, आणि लोणची-पापड त्याच विचाराच्या बळावर परदेशी पोचले आहेत.

तिच्या शेजारच्या आसनावर परवाना मंडळाचे निरीक्षक राजवाडे होते, पुण्याचे. त्यांनी नमस्कार केला आणि पट्टा तीनदा ओढून पाहिला. समोरच्या दाराआड कप्तान फरहा काझी, कामठीची. मोठ्या विमानाने त्यांना वर नेलं, सोडलं, आणि मग पाठीत जो दणका बसला तो बराच वेळ बसतच राहिला. छातीवर कुणी गव्हाचं पोतं ठेवावं तसं झालं. मग एकदम सगळं शांत. इंजिन बंद. पट्ट्याखाली अंग तरंगायला लागलं.

प्रणिताने खिडकीतून खाली पाहिलं आणि भीती विसरली. इतकी वर्षं ज्यावर तिने दोरा ताणला होता तो गोल खरोखरचा खाली होता.

"मलावी सरोवर," ती मोठ्याने म्हणाली. "पाहा, कसं लांबोडकं आहे ते. आता पुढे नामिब येईल."

"तुम्ही आधी येऊन गेलात का इकडून?" राजवाड्यांनी विचारलं.

"रोज. आठवीच्या वर्गातून."

तिला वाटलं, ओटी एकदा नुसती हाताला लागावी. तिने अंगरख्याच्या गळ्यातून खण जरासा वर ओढला. गाठ सैल होती. कठड्यापाशी डोळे भरलेले असताना मारलेली ती गाठ. खण फुलासारखा उघडला आणि तांदूळ बाहेर आले.

ते पडले नाहीत. लग्नातल्या अक्षता खाली यायच्या विसरून जाव्यात तसे ते तिच्या डोळ्यांसमोर पसरत गेले. क्षणभर तिला ते फार सुंदर वाटले. मग तिच्या लक्षात आलं की सगळे दाणे एकाच दिशेला चालले आहेत. मागच्या भिंतीत जाळी होती, जाळीमागे तो पंखा, आणि पंखा हवा ओढत होता.

राजवाडे खिडकीतून नामिब शोधत होते. अजून कुणीच काही पाहिलं नव्हतं. गप्प राहिलं तर कदाचित काहीच होणार नाही. कुणी पाहिलं तरी कुणाचे तांदूळ ते कोण विचारणार? आणि बोललं तर उडी नापास, आर्वीची इतकी वर्षं पाण्यात, तीही आईच्या हातून. प्रणिताने हे सगळं एका दमात मनात आणलं आणि हाताजवळचं लाल बटण दाबलं.

"कप्तान, मी प्रणिता देवतळे. माझ्या ओटीचे तांदूळ सुटलेत. पंख्याकडे चाललेत."

राजवाडे वळले. त्यांच्या चष्म्यासमोरून एक दाणा सावकाश गेला.

"या अल्लाह," फरहाचा आवाज आला. "आर्वी, ऐकून राहिलीस ना? पंख्यात तांदूळ गेला तर मोटर जळेल, आत धूर होईल. पंखा बंद केला तर संगणकाच्या पेट्या तापून बंद पडतील. तोट्या उघड्याच राहतील मग. पाणी कुठे किती जायचं ते बघायला कातडीशिवाय कोणी नाही. मला सांग, काय करू?"

सांतियागोच्या नियंत्रण कक्षातून उत्तर आलं नाही.

"आर्वी?"

काहीच नाही. मागच्या आसनावर कुणीतरी हुंदका दिला. राजवाड्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "त्यांना सुचत नाहीये," ते पुटपुटले. "कप्तान, तुम्ही दुसऱ्या कुणाला..."

"थांबा!" प्रणिताचा आवाज चाळीस मुलांच्या वर्गावर चालायचा तसा चालला. "तिला घाई करू नका. ती विचार करतेय. माझी मुलगी उशिरा बोलते. पण ती बोलते ना, ते बरोबर असतं. आजवर एकदाही चुकलेलं नाही. थांबा."

सगळे थांबले. दाणे जाळीपासून वीतभर अंतरावर आले होते. त्या वेळात प्रणिताला भीती वाटली नाही. तिला नुसता अभिमान वाटत होता, इतका की छातीत मावेना. साऱ्या जगाला घाई झालेली असताना तिची पोर खिडकीबाहेर बघत बसली होती.

"पंखा बंद करा," आर्वीचा आवाज आला. "पेट्या जाऊ देत. कातडी बघेल." मग जरा थांबून, "आई, दाणे गोळा कर."

पंखा थांबला. हवा थांबली आणि दाणे जागच्या जागी तरंगत राहिले. प्रणिताने पिण्याच्या नळीतलं पाणी खणावर सोडून तो ओला केला. "पट्टे सोडू नका कुणी. आपापल्या समोरचे दाणे चिमटीत धरा आणि खण आपल्याकडे आला की त्याला चिकटवा. राजवाडे, तुमच्या कानामागे एक आहे." खण आसनामागून आसनाकडे फिरला. परदेशी पाहुणे, पत्रकार, निरीक्षक, सगळे शहाण्या मुलांसारखे दाणे टिपत होते.

मग पुन्हा वजन आलं. खिडक्यांबाहेर आधी गुलाबी, मग नारिंगी, मग डोळ्यांना सोसवेना असं झालं. "पेट्या गेल्या," फरहाने शांतपणे सांगितलं. आता त्यांच्यात आणि त्या जाळात भाजलेल्या मातीची एक कातडी होती. आत हवा कोंदली होती, सगळ्यांना घाम फुटला होता. प्रणिताने जडावलेला हात कसाबसा उचलून तळवा भिंतीला टेकवला.

भिंत गार होती. मे महिन्यात शाळेतून येऊन माठाच्या पोटाला हात लावावा, इतकी गार. ती हसायला लागली. राजवाड्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग स्वतःचा तळवाही भिंतीला लावला, आणि उतरेपर्यंत काढला नाही.

सांतियागोत सकाळचे आठ वाजले होते. अँडीजच्या बर्फावर कोवळं ऊन होतं. जिन्याखाली आर्वी उभी होती. केस विस्कटलेले, नागपूरहून नेलेली जुनी शाल खांद्यावर. राजवाडे आधी तिच्याकडे गेले.

"मोकळी वस्तू आत नेली गेली. हे मी लिहिणार, आणि सक्त शब्दांत लिहिणार," ते म्हणाले. मग चष्मा पुसत राहिले. "आणि तोट्यांची गरज नाही, हेही लिहिणार. जी परीक्षा घ्यायची आमची छाती नव्हती, ती तुमच्या आईंनी घेतली. परवाना अडायचं मला काही कारण दिसत नाही." त्यांनी कॉलरमध्ये बोटं घालून एक दाणा काढला आणि आर्वीच्या तळहातावर ठेवला. "हा राहिला होता."

प्रणिताने आधी नागपूरला फोन लावला. सुवर्णाताई अजून घरी पोचलीही नव्हती, बुटीबोरीच्या सिग्नलला अडकली होती.

"काय विसरली वं?" तिने धास्तावून विचारलं.

"काही नाही. पोचले."

"अगंबाई! अन् ओटी?"

"सांडली होती, ताई. सगळ्यांनी मिळून भरली."



मायलेकी उपाहारगृहात येऊन बसल्या. आर्वी तो तांदळाचा दाणा बोटांत फिरवत होती. "तुला विचारायला हवं होतं, आई. सगळ्या जगासमोर परस्पर हो म्हणून टाकलं."

"विचारलं असतंस तर नाही म्हटलं असतं," प्रणिता म्हणाली. "बरं झालं नाही विचारलंस. पण पुन्हा असं करू नकोस."

"आता लांब नाही राहिलं." आर्वी हसली. "दर रविवारी जेवायला येत जाईन. जेवले की संध्याकाळी परत."

प्रणिताने कप खाली ठेवला. "जेवायला नको येऊस."

आर्वीने वर पाहिलं.

"लांब होतं तेव्हा महिनाभर राहायचीस. आता जवळ आलं म्हणून पानावरून उठून जाणार असशील, तर तुझं लांबच बरं होतं मला. एवढी मोठी वाट तू आटवलीस, आर्वी. तो वाचलेला वेळ कुणाचा, तेवढं सांग. जेवायला नको. राहायला ये."

आर्वी खिडकीबाहेर बघत बसली. बाहेर माठाच्या अंगावरून अजून वाफ निघत होती. वेटर येऊन दोनदा विचारून गेला, फरहा येऊन काकूंच्या पाया पडून गेली, चहा गार झाला. प्रणिताने घाई केली नाही. तिने ओला खण टेबलावर पसरला आणि त्यावरचे दाणे एकेक करून सोडवत बसली.

"परवा परत जायची उडी आहे ना तुझी," बऱ्याच वेळाने आर्वी म्हणाली, "मीही येते. जून संपेपर्यंत राहते. आणि दर वर्षी मे-जून तिकडेच. काम माठ करेल इकडचं, त्याला माझी गरज नाही, हे आजच सगळ्यांनी पाहिलं."

प्रणिताने शेवटचा दाणा सोडवला, खणाची गाठ मारली आणि या वेळी ती दोनदा ओढून पाहिली.

"बरोबर," ती म्हणाली.